टेबलावरची लांबी

खुब्याचा सांधा बदलताना पायाची लांबी अचूक मोजावी असं आम्हाला शिकवतात, पुढे आम्हीही तेच शिकवतो. प्रत्यक्षात ऑपरेशनच्या टेबलावर पायाची लांबी कुणी मोजत नाही. मोजला जातो तो फरक. सांधा निखळवण्याआधी पाय जिथे होता, तिथून तो आता किती मिलिमीटर खाली गेला किंवा वर राहिला, एवढंच कळू शकतं. पेशंट कुशीवर झोपवलेला असतो, अंगावर निर्जंतुक कापडांचे थर, दुसरा पाय त्याखाली कुठेतरी उशीला टेकलेला. दोन्ही पाय शेजारी धरून एकदा बघून घ्यावेत म्हटलं तर तशी सोयच नसते. कापडावरून गुडघे चाचपायचे, टाचा चाचपायच्या, आणि हाताला जे लागलं त्यावर फार विश्वास ठेवायचा नाही.

पेशंटला या भानगडीशी देणंघेणं नसतं आणि असायचं कारणही नाही. त्याचा प्रश्न सरळ असतो: उभा राहिलो की दोन्ही पाय सारखे वाटतात का? दुखणं थांबलं, रात्रीची झोप परत आली, काठी सुटली, तरी हा एक प्रश्न उरला की बाकीच्या सगळ्यावर पाणी पडतं. अमेरिकेत या ऑपरेशनवरून जे खटले होतात, त्यांच्या नेहमीच्या कारणांत पायाच्या लांबीची तक्रार असतेच. सांधा उत्तम बसलेला असतानाही ती येऊ शकते, ही त्यातली खरी गोम.

हे मिलिमीटर येतात कुठून, ते आधी बघू. खुब्याचा सांधा म्हणजे कमरेच्या हाडातली एक वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. सांधा झिजतो तेव्हा दोहोंमधली कूर्चा जाते, गोळा चपटा होतो, कधी कधी वाटीचा वरचा काठही खचतो. म्हणजे ऑपरेशनला येतानाच पाय थोडा आखूड झालेला असतो. कुणाचा ५ मिलिमीटर, कुणाचा दोन सेंटिमीटर. आम्ही तो गोळा मानेसकट, म्हणजे त्याला मांडीच्या हाडाशी जोडणाऱ्या तिरक्या भागासकट, कापून काढतो, वाटी रीमर नावाच्या हत्याराने घासून तिच्यात कप, म्हणजे नवी वाटी, बसवतो, मांडीच्या हाडाच्या पोकळीत स्टेम, म्हणजे धातूचा दांडा, उतरवतो आणि स्टेमच्या टोकावर नवं हेड, म्हणजे नवा गोळा, चढवतो. यातल्या प्रत्येक पायरीवर लांबी मिळवता येते किंवा घालवता येते. वाटी घासताना कपचा मध्य ५ मिलिमीटर वर गेला, तर पाय तेवढाच आखूड झाला. स्टेम ठरल्यापेक्षा ३ मिलिमीटर वर अडकला, तर पाय तेवढा लांब. मान किती कापली यावर लांबी ठरते असा शिकाऊ डॉक्टरांचा समज असतो, पण नुसत्या कापण्याने काही ठरत नाही. स्टेम कुठे जाऊन थांबतो यावर ठरतं. मान नेमकी कापली तर तो हव्या त्या जागी थांबण्याची शक्यता वाढते, एवढंच.

सिमेंटशिवाय बसवायच्या स्टेममध्ये तर एक खास खोडी आहे. पोकळी ज्या ब्रोचने, म्हणजे स्टेमच्याच आकाराच्या कानशीने, कोरतो, त्याच्यापेक्षा खऱ्या स्टेमचा वरचा थर थोडा जाड आणि खरखरीत असतो, हाडात घट्ट रुतावा म्हणून. त्यामुळे ब्रोच जिथवर गेला होता, तिथे पोचायच्या आधीच स्टेम थांबू शकतो. दीड-दोन मिलिमीटर वर. हातोडीचा आवाज बदलतो, बद्द आवाज जाऊन टणक आवाज येऊ लागतो, आणि त्यानंतर अजून ठोकणं म्हणजे हाडाला तडा मागून घेणं. अशा वेळी ट्रायलला, म्हणजे आधी तात्पुरते तुकडे बसवून, घेतलेलं माप विसरून जायचं, खऱ्या स्टेमवर ट्रायलचं हेड चढवून सगळं पहिल्यापासून बघायचं. घाईत हीच पायरी गाळली जाते.

शेवटचा जुगाड हेडच्या हातात असतो. एकाच व्यासाची हेड्स वेगवेगळ्या खोलीची मिळतात: कुठे −४, ०, +४, कुठे आकडे थोडे निराळे. आतलं भोक किती खोल यावर हेड स्टेमच्या मानेवर किती पुढे बसणार ते ठरतं. पण मान तिरकी असते, म्हणून +४ चं हेड लावलं की पाय ४ मिलिमीटरने लांब होत नाही. मान आणि दांडा यांच्यातला कोन १३५ अंशांचा असेल, तर लांबी २.८ मिलिमीटरने वाढते आणि पाय तेवढाच बाहेरही सरकतो. हे बाहेर सरकणं, म्हणजे ऑफसेट, पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलात १९६२ साली पॉलिएथिलीनची वाटी आणि धातूचं हेड वापरायला सुरुवात केली, तेव्हा ही सोय नव्हती. त्यांचा स्टेम आणि हेड एकाच तुकड्याचे असत, आणि हेडचा व्यास २२.२२५ मिलिमीटर. हा विचित्र आकडा पाऊण इंचाच्या थोडा पुढचा, म्हणजे सात-अष्टमांश इंच. सिमेंट घट्ट झालं की लांबी कायमची ठरली. पण त्यांच्याकडे दुसरी एक सवलत होती. पेशंट उताणा असे आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, ग्रेटर ट्रोकँटर, ते कापून वर उचलत आणि शेवटी तारांनी परत बांधत. स्नायू ढिले वाटले तर तो तुकडा थोडा खाली आणि बाहेर बांधायचा. ताण वाढवण्यासाठी अख्खा पाय लांब करावा लागत नसे. आता ट्रोकँटर कापायची पद्धत नेहमीच्या ऑपरेशनांतून गेली, पेशंट लवकर चालतो, तारा तुटत नाहीत. मात्र ताणासाठी लांबी खर्च करायचा मोह त्यानंतरच वाढला असावा, असं माझं मत आहे.

मोजायची खरी सुरुवात ओपीडीत होते, आणि मला विचाराल तर निम्मं काम तिथेच संपायला हवं. पेशंटला उताणं झोपवायचं, कमरेचं पुढचं टोकदार हाड बोटाने शोधायचं, टेपचं टोक त्याच्या खालच्या काठाला अडकवायचं आणि घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप न्यायची. ही झाली खरी लांबी. मग टेपचं टोक बेंबीवर धरून पुन्हा घोट्यापर्यंत. ही भासणारी लांबी. पहिल्या मापात दोन्ही पाय सारखे आणि दुसऱ्यात दोन सेंटिमीटरचा फरक, असं झालं की समजायचं, हाडं सारखीच आहेत, कंबर तिरकी आहे. सांधा आतल्या बाजूला आखडलेला असेल तर पाय आखूड भासतो, बाहेरच्या बाजूला आखडलेला असेल तर लांब भासतो. टेपचं माप तसं ओबडधोबडच. अंगावर मांस जास्त असलं तर ते टोकदार हाड सापडता सापडत नाही, आणि एक पाय जरा फाकलेला राहिला की एका बाजूला सेंटिमीटर सहज हरवतो. म्हणून दुसरा पाय मुद्दाम तितकाच फाकवून मग मोजायचं. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. गर्दीच्या ओपीडीत ते करताना मात्र फार थोडे दिसतात.

यापेक्षा माझा भरवसा लाकडी ठोकळ्यांवर आहे. ५ मिलिमीटर, १ सेंटिमीटर, २ सेंटिमीटर अशा जाडीच्या फळ्या. पेशंटला उभं करायचं, आखूड पायाखाली एकेक फळी सारायची, मागे बसून दोन्ही हात त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवायचे आणि हात समपातळीत येईपर्यंत फळ्या वाढवायच्या. त्याच वेळी त्याला विचारायचं, "आता कसं वाटतंय?" कधी माझे हात समपातळीत आलेले असतात आणि पेशंट म्हणतो, "हे जास्त झालं. आधीचंच बरं होतं." हे उत्तर मी कागदावर लिहून ठेवते. आकड्याच्या शेजारी. ज्याला एक सेंटिमीटरची फळी जास्त वाटते, त्याचा पाय दीड सेंटिमीटरने लांब करून दिला तर तो आभार मानणार नाही, एक्स-रे कितीही देखणा येवो.

एक्स-रेवरचं माप मात्र फळ्यांहून नेमकं येतं, घेतला नीट असेल तर. वाटीच्या आतल्या तळाशी, दोन्हीकडे, थेंबाच्या आकाराची एक सावली दिसते. तिला टीअरड्रॉपच म्हणतात. दोन्ही थेंबांच्या खालच्या टोकांना जोडणारी आडवी रेघ ओढायची आणि तिच्यापासून मांडीच्या हाडाच्या आतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत, लेसर ट्रोकँटरपर्यंत, दोन्ही बाजूंना अंतर मोजायचं. दोन अंतरांमधला फरक म्हणजे खुब्यापाशी हरवलेली लांबी. थेंबांचा फायदा असा की कंबर थोडी पुढे-मागे झुकली तरी त्यांची जागा फारशी हलत नाही. लेसर ट्रोकँटरही गोळ्याच्या जवळपास सरळ खाली असल्यामुळे पाय जरा फाकला-मिटला तर त्यामानाने कमी हलतो.

पण फिल्म मोठी दाखवते. किरण पसरत येतात, त्यामुळे हाडाची सावली हाडापेक्षा साधारण १५ ते २० टक्के मोठी पडते. म्हणून सांध्याच्या पातळीवर २५ मिलिमीटरची धातूची गोळी ठेवून एक्स-रे घ्यायचा. गोळी ३० मिलिमीटरची दिसली की बाकी सगळं त्या हिशेबाने छोटं करायचं. गोळी मांडीवर उंच ठेवली तर हिशेब एका दिशेने चुकतो, टेबलावर खाली ठेवली तर दुसऱ्या. आणखी एक गोष्ट: दुखऱ्या सांध्याचा पाय बाहेर वळलेला असतो, आत वळवताच येत नाही. मग एक्स-रेत मान छोटी आणि उभट दिसते, ऑफसेट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, आणि त्यावर आखलेलं सगळं कमी पडतं. अशा वेळी दुसरा खुबा निरोगी असेल तर त्याच्यावरून टेम्प्लेटिंग करायचं, म्हणजे नव्या सांध्याच्या तुकड्यांच्या आकृत्या एक्स-रेवर ठेवून मापं आखायची. पूर्वी हे पारदर्शक प्लास्टिकचे कागद फिल्मवर ठेवून पेन्सिलीने व्हायचं, आता स्क्रीनवर होतं. पेन्सिल असताना माणूस रेघेकडे जास्त वेळ बघायचा, असं मला उगाच वाटतं.

तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातात एक आकडा असतो. समजा, पाय ८ मिलिमीटर लांब करायचा आहे. आता टेबलावर ते ८ मिलिमीटर ओळखायचे कसे?

सगळ्यात जुनी आणि आजही वापरात असलेली युक्ती म्हणजे पिन. वाटीच्या वर, कमरेच्या हाडात एक जाड पिन ठोकायची. ती हलणार नाही. ग्रेटर ट्रोकँटरवर कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, एक काळी खूण करायची. पिनपासून खुणेपर्यंत कॅलिपर लावायचा आणि आकडा वाचायचा. हे सांधा निखळवण्याच्या आधी. एकदा गोळा वाटीबाहेर आला की ते माप कायमचं गेलं, परत मिळत नाही. म्हणून आमच्या सिस्टर, मी निखळवायला हात घातला रे घातला की, "मॅडम, माप?" म्हणून विचारतात, माप झालेलं असलं तरी विचारतात. आकडा भिंतीवरच्या पाटीवर लिहिला जातो. समजा ११२. ट्रायलचे तुकडे बसवून, सांधा परत जोडून, पुन्हा कॅलिपर लावायचा. १२० आले पाहिजेत.

मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या पेशंटमध्ये ही युक्ती पहिल्याच पायरीवर अडते. पाय आधीच वर सरकलेला असतो, मग निखळवण्याआधीचं माप घेऊन करायचं काय? तिथे दुसऱ्या खुब्याचा एक्स-रे आणि टेम्प्लेट यांच्यावरच भिस्त.

आता या मापातली खरी अडचण. चौकटीवर एक खिळा आहे आणि दाराच्या कडीवर एक खूण आहे असं समजा. खिळ्यापासून खुणेपर्यंतचं अंतर दार किती उघडं आहे त्यावर सतत बदलतं. बिजागरी सरकली का, हे त्या अंतरावरून सांगायचं असेल, तर दोन्ही वेळा दार तंतोतंत त्याच कोनात उभं हवं. पिनचं तसंच आहे. ट्रोकँटरवरची खूण गोळ्याच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला साधारण ६ सेंटिमीटरवर असते. पाय ५ अंश फाकवला की ती खूण ५ मिलिमीटरहून थोडी जास्त वर येते, पिनच्या जवळ. १० अंश फाकवला की एक सेंटिमीटरहून थोडी जास्त. सांध्यात काहीच बदललेलं नाही, तरी कॅलिपर सांगतो पाय आखूड झाला. मी ज्या ८ मिलिमीटरच्या शोधात आहे, त्याहून मोठी चूक फक्त पाय कुणी कसा धरला यातून येऊ शकते.

आणि पाय धरणारा बहुतेकदा सगळ्यात ज्युनिअर असतो. कापडांच्या थरांमुळे त्याला कंबर दिसत नाही. मला फक्त जखम दिसते. पाच अंश म्हणजे गुडघ्यापाशी चार सेंटिमीटरच्या आसपासची हालचाल. हात दुखला म्हणून पाय थोडा खाली आला तरी तेवढं होतं. म्हणून पहिलं माप घेताना पाय कुठे आहे याच्याच खुणा करून ठेवाव्या लागतात. गुडघा सरळ की वाकलेला, टाच खालच्या पायाच्या कुठल्या भागावर टेकली आहे, मध्ये उशी कोणती. दुसऱ्या मापाला तीच उशी, तीच टाच, तोच माणूस. तोच माणूस हे मी आग्रहाने सांगते. माप घेताना मी त्याला बोलू देत नाही, कारण तो बोलला की हलतो.

तरीही कंबर हलते. कुशीवर झोपलेला पेशंट पुढून-मागून आधार लावून घट्ट धरलेला असतो, पण जखम उघडी धरणारे रिट्रॅक्टर तासभर ओढल्यावर आधार कुठेतरी सैल पडतो आणि कंबर पुढे लोळते. बाहेरून कळत नाही. त्यामुळे मी एकाच मापावर थांबत नाही. कापून काढलेल्या गोळ्यासकट मान टेबलावर ठेवून, लेसर ट्रोकँटरपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत किती अंतर होतं याचा हिशेब लावायचा आणि ट्रायलच्या हेडच्या मध्याशी ताडून बघायचा. ग्रेटर ट्रोकँटरचं टोक आणि हेडचा मध्य यांची पातळी बघायची. बहुतेकांत ती जवळपास एक असते, ज्यांच्यात नसते ते आदल्या दिवशी एक्स-रेवर दिसलेलं असतं. ही दोन्ही मापं मांडीच्या एकाच हाडावरची आहेत, म्हणून पाय कसा धरला याचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यांना फक्त कप वर गेला की खाली, हे कळत नाही. पिनला ते कळतं, पण तिला पायाचा कोन नडतो. दोन्हींत दोष आहेत, पण वेगवेगळे. पिनचा आकडा आणि हाडावरचा आकडा जुळले की माझा जीव भांड्यात पडतो. जुळले नाहीत तर मी चहाची घाई असली तरी थांबते.

समोरून जाणाऱ्या पद्धतीत, म्हणजे पेशंटला उताणं ठेवून खुब्याच्या पुढच्या बाजूने आत शिरताना, हे काम बरंच सोपं होतं. दोन्ही घोटे हाताला लागतात, सी-आर्म, म्हणजे टेबलापाशी आणता येणारं एक्स-रे यंत्र, आणून दोन्ही खुब्यांचं चित्र एका फ्रेममध्ये घेता येतं आणि टीअरड्रॉपची तीच रेघ टेबलावर ओढता येते. पण नुसत्या लांबीसाठी पद्धत बदलावी, या मताची मी नाही. जिच्यावर हात बसला आहे, ती पद्धत पेशंटच्या जास्त कामाची.

मग आहे ताणाची परीक्षा. ट्रायल जोडून झाल्यावर पाय खाली ओढून बघायचा, हेड कपमधून किती सुटतं. ही परीक्षा मला फसवी वाटते. भूल चढलेली असते, स्नायू पाण्यासारखे ढिले. भूल द्यायची पद्धत बदलली की हाताला लागणारा ताण बदलतो. स्नायू ढिले लागले म्हणून जास्त लांब हेड लावलं, सांधा घट्ट वाटला, सगळे खूश. आणि पेशंट उभा राहिला की पाय लांब. सांधा निखळू नये हे लांबीपेक्षा महत्त्वाचं, यात वाद नाही. निखळलेला सांधा परत टेबलावर आणतो, सेंटिमीटरभर लांब पाय आणत नाही. पण ढिलेपणाचं कारण आधी शोधलं पाहिजे. कप चुकीच्या कोनात असेल तर कितीही लांब हेड लावा, वाकताना सांधा निसटायचा तो निसटेलच. ऑफसेट कमी पडला असेल तर जास्त ऑफसेटचा स्टेम लावायचा. तो पाय खाली न नेता बाहेर नेतो, स्नायूंना ताण मिळतो आणि लांबी जागच्या जागी राहते. मघाशी म्हटलं ते बाहेर सरकणं इथे कामी येतं. एवढं सगळं करूनही सांधा डगमगत असेल, तर मग मी लांबी खर्च करते. आणि ही शक्यता पेशंटला ऑपरेशनच्या आधी सांगितलेली असते. नंतर सांगितलं की ती सबब वाटते, आणि तसं वाटणं रास्तच आहे.

लांब करण्यालाही सीमा असते. जन्मापासून निखळलेल्या खुब्यात गोळा कित्येक सेंटिमीटर वर बसलेला असतो. तो एकदम खाली ओढून खऱ्या वाटीत बसवला तर सायटिक नस, म्हणजे पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू, ताणली जाते. ४ सेंटिमीटरच्या आसपास गेलं की तिचा धोका डोक्यात ठेवायचाच. अशा पेशंटांत मांडीच्या हाडातून ट्रोकँटरखालचा एक तुकडा काढून टाकावा लागतो. ज्याचा पाय आखूड आहे त्याचंच हाड आणखी कापायचं, हे नातेवाइकांना समजावताना घाम फुटतो.

नॅव्हिगेशन आणि रोबॉट आल्यापासून लोक विचारतात, आता तर लांबीचा प्रश्न मिटला ना? अर्धा मिटला. कमरेच्या हाडात आणि मांडीच्या हाडात ट्रॅकर, म्हणजे हाडाची जागा यंत्राला दाखवणाऱ्या खुणा, बसवले की यंत्राला पायाचा कोन प्रत्येक क्षणी माहीत असतो. दार किती उघडं आहे ते वजा करून बिजागरी किती सरकली ते यंत्र सांगतं. ज्युनिअरचा हात दुखला तरी फरक पडत नाही. ही मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही. फक्त ट्रॅकर सैल झाला, किंवा सुरुवातीला हाडावरचे बिंदू दाखवताना आपणच बोट भलतीकडे टेकवलं, तर यंत्र तोच चुकीचा आकडा दशांशापर्यंत छापून देतं. आणि किती लांब करायचं, हे त्याला आपणच सांगायचं असतं. ८ सांगितले तर ते ८ देईल. ८ बरोबर होते का, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नाही.

हा प्रश्न बहुतेक वेळा पाठीच्या कण्यातून येतो. कणा वाकडा आणि कडक झालेला असेल, किंवा त्यात स्क्रू घालून तो सांधलेला असेल, तर कंबर तिरकी ती तिरकीच राहते. अशा माणसाचे दोन्ही पाय हाडांनी तंतोतंत सारखे केले, की उभं राहिल्यावर ते असमान वाटणार. लवचिक कणा ४–५ मिलिमीटर गिळून टाकतो. आपल्यापैकी पुष्कळांचे पाय तसेही काही मिलिमीटरने लहान-मोठे असतात आणि आयुष्यभर कळत नाही. साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांच्या अंगवळणी पडतो. कडक कण्याचा माणूस मात्र ५ मिलिमीटरही सांगतो, आणि ते खोटं नसतं. म्हणून त्या फळ्या. कण्याचा पेशंट असला की एक्स-रेच्या आकड्याला मी सल्ला मानते, हुकूम मानत नाही.

आता ऑपरेशननंतरचं. पहिल्या काही आठवड्यांत जवळपास प्रत्येक दुसरा पेशंट म्हणतो, पाय लांब वाटतोय. एक्स-रेवर दोन-तीन मिलिमीटर असतात आणि तो बोटांनी इंचभर दाखवतो. वर्षानुवर्षं आखूड पायाने चाललेलं शरीर त्यालाच सरळ समजत असतं. शिवाय सांध्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू नव्याने ताणले गेलेले असतात. ते त्या बाजूची कंबर खाली ओढतात आणि पाय आणखी लांब भासतो. त्याच वेळी घाबरून दुसऱ्या बुटात टाचेखाली पॅड घातलं, तर कंबर तिरकी ठेवायची सवय पक्की होते आणि स्नायू सैल व्हायचं कारणच उरत नाही. फिजिओथेरपिस्ट या काळात ताण सोडवायचे व्यायाम देतात. तीन महिने, कधी सहा. तोपर्यंत मी पॅड लिहून देत नाही, यावरून पेशंट माझ्याशी भांडतातही. सहा महिन्यांनंतरही फरक टिकला, फळ्यांवर दिसला, तर मात्र हुज्जत घालायची नाही, पॅड द्यायचं. एक सेंटिमीटरपर्यंतचं बुटाच्या आत मावतं, त्यापुढचं तळाला बाहेरून लावावं लागतं.

दोन्ही खुबे गेलेल्यांचं गणित निराळं. पहिल्या बाजूला दुसऱ्या पायाशी बरोबरी करून उपयोग नसतो, कारण दुसरा पायही आखूडच झालेला आहे. तिथे पहिला पाय त्याच्या मूळ लांबीला न्यायचा, मधले महिने पेशंटने थोडं असमान चालायचं आणि दुसऱ्या ऑपरेशनला बरोबरी साधायची. एक काकू अशा होत्या. पहिल्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांतच आल्या, "डॉक्टर, हा पाय दुसऱ्याचा बसवला की काय?" त्यांना गणित कागदावर काढून दाखवलं, बिनऑपरेशनच्या बाजूसाठी पॅडही दिलं, कारण इथे फरक खरा होता आणि पुढच्या ऑपरेशनपर्यंत टिकणार होता. दुसऱ्या ऑपरेशनला काम सोपं झालं. या वेळी गाठायचा आकडा माझ्याच हातचा होता, पहिल्या बाजूच्या एक्स-रेवर मोजून घेतलेला. टाके काढायला आल्या तेव्हा पॅड पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे घ्या परत. पण आता हा पाय लांब वाटतोय."

मी एक्स-रे पुन्हा लावला, रेघ ओढली. फरक एक मिलिमीटरचा, तोही रेघेच्या जाडीत हरवेल असा. म्हटलं, "वाटणारच. मागच्या वेळी त्याची पाळी होती, आता याची. तीन महिन्यांनी या."

"आणि तेव्हाही वाटला तर?"

"तर फळ्या काढू."